वाजत येणारा पाऊस

नेरूळला राहायला आलो तेव्हा १९९६ चा जून संपत आला होता. नोकरी वाशीला, भाड्याची एक खोली, सामान म्हणजे वळकटी, स्टोव्ह आणि दोन पत्र्याच्या पेट्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो चार दिवस खळलाच नाही. रात्री दोन-दोनदा जाग यायची. बाहेर पाऊस कोसळत असायचा, पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहायचं. काय, ते चौथ्या रात्री कळलं. ढग गडगडत नव्हते. चार दिवसांत एकदाही वीज चमकली नव्हती. एवढं पाणी पडतंय आणि आभाळ हूं की चूं करत नाही, असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता.

मी माणदेशातला. दहिवडीपासून आत, माणगंगेच्या खोऱ्यात आमचं गाव. आमच्याकडे पाऊस वाजत येतो. दुपारभर जीव नकोसा करणारं उकडतं, लिंबाचं पान हलत नाही, मग एका अंगाला आभाळ काळंनिळं होतं, धुरळा उठतो, दारं आपटायला लागतात, वीज कडाडते आणि मग अर्धा-पाऊण तास तो झोडपून काढतो. गडगडाट झाला आणि पाऊस आलाच नाही, हे दुःख आम्हाला सवयीचं होतं. गडगडाटाशिवाय पाऊस असतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन केला आणि आईला बोलावून घेतलं. तिला सांगितलं, चार दिवस पडतोय, पण आवाज नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आरं, ह्यो कसला पाऊस? ना आवाज, ना उजेड.”

तो प्रश्न मी गेली कितीतरी वर्षं सोडवत बसलो आहे.

शाळेत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर एक आकृती काढली होती, महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने वहीत उतरवून घेतलेली. डावीकडे समुद्र, तिथून निघालेला बाण, मधे डोंगराचा त्रिकोण, त्याच्या डाव्या अंगाला ढग आणि तिरप्या रेघांचा पाऊस. उजव्या कोपऱ्यात काहीच नाही, नुसते शब्द: पर्जन्यछायेचा प्रदेश. सरांनी खडू त्या रिकाम्या कोपऱ्यावर टेकवला आणि म्हणाले, “आपण इथं.” वर्गात कुणी बोललं नाही. पुस्तकात आपलं गाव सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

त्या पावसाला पुस्तकात ‘प्रतिरोध पर्जन्य’ म्हणतात. ढगांना डोंगर अडवतो म्हणून पाऊस पडतो, असं आपण सगळेच बोलतो. माझी आजी तर म्हणायची, महाबळेश्वरचा महादेव सगळं पाणी स्वतःच पिऊन घेतो, पाच नद्या तोंडातून सोडतो आणि आपल्याला नुसता वारा धाडतो. आजीचं गाऱ्हाणं खरं होतं. पण ‘अडवतो’ हा शब्द मला पुढे फार खटकू लागला. डोंगर ढगाला अडवत नाही. बहुतेक वेळा तो ढग डोंगराच्या उतारावरच जन्माला येतो.

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरून बघा, गार लागतं. दाबातून सुटलेली हवा पसरते आणि पसरताना थंड होते. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या उताराला लागला की त्याला वर चढावं लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते, निवते. कोरडी असेल तर दर किलोमीटरला सुमारे १० अंश. वाफेने भरलेली असेल तर मधेच कुठेतरी वाफेचे थेंब व्हायला लागतात. वाफेचं पाणी होताना, तिने समुद्रावर पाण्याची वाफ होताना घेतलेली उष्णता परत मिळते, म्हणून ओल्या हवेचं निवणं मंदावतं. ती सभोवतालच्या हवेपेक्षा ऊबदार राहिली तर आणखी वर चढते. म्हणजे डोंगराने फक्त पहिला हात दिला. पुढची चढण हवेने स्वतःच्या पोटातल्या उष्णतेवर चढायची. ती किती चढते, यावर सगळं अवलंबून. नुसता पाऊस पडणार की वादळ होणार, हे तिथेच ठरतं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला बघितलं तर आधी बेलापूरला उतरत आलेली पारसिकची रांग दिसते. तिच्या उजव्या अंगाने, पनवेलच्या डोक्यावर, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी प्रबळगडाचं पठार आणि त्याला चिकटून उभा कलावंतिणीचा सुळका. मागे माथेरान, सुमारे ८०० मीटर उंचीचं. त्याच्याही मागे खंडाळा-राजमाचीचा घाटमाथा. नेरूळपासून तो चाळीसेक किलोमीटरवर आहे. मग घाटाचा पाऊस आमच्यावर का पडतो? सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो आणि तिथून घाट आणखी लांब.

याचं उत्तर मला फार आवडतं. डोंगर लांबूनच वाऱ्याला जाणवतो. लोकलच्या दारात गर्दी अडली की तिचा दाब प्लॅटफॉर्मच्या जिन्यापर्यंत येतो, तसं काहीसं. सह्याद्रीची भिंत तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीच्या जवळपर्यंत, सुमारे १६०० किलोमीटर. तिच्यावर आदळणारा वारा पायथ्याच्या बऱ्याच आधी संथ होतो, मागून येणारी हवा त्याच्यावर चढते आणि हे चढणं किनाऱ्यावर, कधी समुद्रातच सुरू होतं. १९९७ ते २०१५ या काळात ‘टीआरएमएम’ नावाचा उपग्रह अवकाशातून रडारने पाऊस मोजत होता. त्याच्या नकाशांत पश्चिम किनाऱ्याच्या पावसाचा दाट पट्टा घाटमाथ्याच्या पश्चिमेला, किनाऱ्यावर आणि समुद्रावरही पसरलेला दिसतो. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, भारतीय हवामान खात्यातले आर. पी. सरकार यांनी घाटावर चढणाऱ्या वाऱ्याचं गणित मांडलं होतं. सर्वांत जास्त पाऊस ऐन माथ्यावर न पडता त्याच्या थोडा अलीकडे पडतो, हे त्यातून निघालं. नेरूळच्या जुलैमध्ये छत्री उघडतो तेव्हा डोंगर नजरेला दिसत नसतो, पण पाऊस बऱ्याच अंशी त्याचाच असतो.

आणि वारा तरी कुठून येतो? विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याशी येतो, तिथे केनिया आणि इथिओपियाच्या उंच प्रदेशाला लागतो, पश्चिमेला जाता येत नाही म्हणून त्या डोंगरांच्या कडेने वळतो, चिंचोळा आणि वेगवान होतो आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे सुटतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हा झोत नीट नोंदवला. त्याचा सर्वांत जोरकस भाग जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर असतो. सह्याद्रीचा माथाही साधारण त्याच पातळीला. एका डोंगराने वाऱ्याला वळण लावलं आणि हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगराने तो छातीवर घेतला. उत्तरेला हिमालय उभा आहे, म्हणून मध्य आशियातली कोरडी, थंड हवा खाली उतरून या ओल्या हवेत मिसळत नाही. आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसाला तीन डोंगर लागतात, हे समजलं त्या दिवशी मी गच्चीत बराच वेळ नुसता भिजत उभा राहिलो होतो.

आईचा प्रश्न अजून बाकीच आहे. आवाज का नाही?

वीज तयार व्हायला ढगात बर्फ लागतो. बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात तेव्हा विद्युतभार वेगळे होतात. त्यासाठी ढग उंच हवा आणि त्याच्या पोटात वर जाणारा वारा दांडगा हवा. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर गोठण्याची पातळी पाच किलोमीटरच्या वर असते. जुलैतले घाटावरचे पुष्कळसे ढग या पातळीच्या खालीच, नाहीतर तिच्या जरासेच वर थांबतात. सगळी हवाच ओली, आभाळ कायम झाकलेलं, जमीन तापायला ऊन नाही. त्यात खाली पश्चिमेचा वारा, फार वर पूर्वेचा, म्हणजे उंच होऊ पाहणारा ढग वाकडा होऊन विस्कटतो. तरीही पाऊस पडतो, कारण छोटे थेंब मोठ्या थेंबांना मिळत जातात. बर्फ लागत नाही. हा पाऊस ज्या ढगांतून पडतो त्यांचा अभ्यास करायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला खास प्रयोगशाळा काढली, कारण तिथे ढगच खिडकीतून आत येतात. जुलैतली घाटाची झड ही अशी बिनबोलकी मेहनत आहे. डोंगर उचलत राहतो, वारा येत राहतो, थेंब थेंबाला मिळत राहतो.

आणि मग ती हवा माथा ओलांडून आमच्याकडे उतरते.

उतरताना सगळं उलटं. खाली दाब जास्त, म्हणून हवा आकसते, तापते, उरलेसुरले थेंब विरून जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. आमच्या माण तालुक्यात येईपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. जिल्हा एकच, सातारा. रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर. आखाडात आमच्या गावावरून ढगांचे कळप पूर्वेकडे पळत असतात. वारा असा की डोक्यावर टोपी ठरत नाही, आणि खाली रानात ढेकळं तशीच. जिल्ह्यात पश्चिमेकडच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर आता त्याच वाऱ्यावर पवनचक्क्या फिरतात. पाणी देऊन हलका झालेला वारा निदान वीज देतो.

आई १९७२ च्या दुष्काळात १९ वर्षांची होती. नवीन लग्न झालेलं, आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मजुरी आणि खायला सुकडी. तिने सांगितलेलं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हातोडा मारताना मान खाली, पण ढगाची सावली अंगावरून सरकली की ओळीने बसलेल्या सगळ्या बाया हात थांबवून वर बघायच्या. सावली पुढे जायची. पुन्हा हातोडे सुरू. त्या वर्षीचा पाऊस अवघ्या राज्यातच फिरला होता, त्याचा बोल सह्याद्रीला लावता येणार नाही. पण त्या बायांना पश्चिमेच्या डोंगराकडेच बघायची सवय होती.

इथपर्यंत माझं मन डोंगरावर रुसलेलंच होतं. तिकडचं घेऊन इकडे देणारा, असा काहीसा. ते बदललं एका ऑक्टोबरात.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे नेरूळला आली. पहिल्या पावसाळ्यात तिचं मन लागेना. खिडकीशी बसून म्हणायची, “पडतोय का रडतोय, कळंना.” सप्टेंबर गेला, नवरात्र आलं. ऑक्टोबरची ती खास चिकट दुपार, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यालाही घाम फुटावा अशी. साडेतीनच्या सुमारास मी गॅलरीत कपडे काढायला गेलो आणि पूर्वेला बघतच राहिलो. प्रबळच्या मागून एक पांढराशुभ्र ढग फुलकोबीसारखा वर चढत होता. दर मिनिटाला त्याचा माथा बदलत होता, जणू आतून कुणी फुगवतंय. चारच्या सुमारास त्याचा माथा वर जाऊन थबकला आणि आडवा पसरायला लागला. लोहाराची ऐरण असते ना, वर रुंद, तशी. त्याच्या वर जायला जागाच नव्हती. आपल्याकडे सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर हवेचं छत असतं, तिथे तो टेकला होता.

आता आतला कारखाना सांगतो, कारण हाच तो डोंगर आणि त्याचं हे दुसरं काम. पावसाळी वारे माघारी गेलेले असतात. ऊन थेट पडतं. घाटाचे उघडे कडे, पठारं सपाट जमिनीपेक्षा आधी तापतात, त्यांना टेकलेली हवा उताराने वर सरकू लागते. दुपारी समुद्रावरून खारा वारा आत येतो, तोही त्या उताराला लागतो. माथ्यावर पूर्वेकडून देशावरची हवा आलेली असते. दोन वारे समोरासमोर आले की जायला एकच वाट, वरची. खाली दमट, वर कोरडी आणि गार हवा, म्हणजे वर सुटलेल्या ओल्या हवेला थांबवणारं कुणी नाही. ती गोठण्याची पातळी ओलांडते, बर्फ होतो, गारा होतात, भार वेगळे होतात. जुलैत उचलून धरणारा डोंगर ऑक्टोबरात ठिणगी टाकतो. आणि या दिवसांत वरचा वारा पूर्वेकडून वाहतो, म्हणून घाटमाथ्यावर जन्मलेलं वादळ उलटं, खाली कोकणाकडे चालत येतं. कर्जत, बदलापूर, पनवेल, मग आम्ही. मे महिन्याच्या शेवटी आणि मृगाच्या तोंडावरही असंच.

सारसोळ्याच्या जेट्टीवर एक म्हातारे बाबा जाळी विणत बसायचे. आयुष्य ठाण्याच्या खाडीत गेलेलं. त्यांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं की दसऱ्याच्या सुमाराला दुपारनंतर प्रबळची बाजू काळी झाली की होडी किनाऱ्याला लावायची. वारा समुद्राकडून येत असला तरी फसायचं नाही. वादळ वाऱ्याच्या उलट्या दिशेने येतं. मला तेव्हा ते कोडं वाटलं होतं. खालचा वारा पश्चिमेचा आणि वरचा पूर्वेचा, ढग वरच्याच्या खांद्यावर येतो, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

पाच वाजता पारसिकचा डोंगर दिसेनासा झाला. त्याच्या मागे नुसती जांभळी भिंत. मुलगी तेव्हा सातवीत होती. आम्ही दोघं मोजत होतो. वीज चमकली की एक, दोन, तीन… आवाज यायला १५ सेकंद लागले. तीन सेकंदांना एक किलोमीटर, म्हणजे वादळ पाच किलोमीटरवर. पुढच्या खेपेला १२. मग १०. आणि एकदम खाडीकडचा वारा पडला. काही क्षण काहीच हललं नाही. मग पूर्वेकडून गार वारा आला, ढगातल्या पावसाने थंड होऊन जमिनीवर आदळलेला आणि पसरत पुढे सुटलेला. गॅलरीतल्या उष्णतामापकावर दहा मिनिटांत ३३ चे २६ झाले. खालच्या रस्त्यावर धूळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गरगरत वर आल्या, मातीचा वास आला. आई आतून गॅलरीत आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. पारसिकवर वीज कडाडली तेव्हा ती मागे सरली नाही. म्हणाली, “आला बघ आपला पाऊस.”

इतक्या वर्षांत मी नेरूळला अनेकदा हा पाऊस पाहिला होता. तो आमच्याकडचाच आहे, हे मला ओळखता आलं नव्हतं.

डोंगर आणि वादळ यांचं हे नातं जगभर आहे. उन्हाळ्यात छोटा नागपूरच्या पठारावर दुपारी उठलेली वादळं संध्याकाळी बंगालच्या मैदानात उतरतात, त्यांना तिथे कालबैशाखी म्हणतात. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या तीन बाजूंना डोंगर आहेत. रात्री डोंगरावरची गार हवा खाली येते आणि सरोवरावरच्या कोमट हवेला वर ढकलते. तिथे दर चौरस किलोमीटरला वर्षाला दोनशेहून जास्त विजा चमकतात, पृथ्वीवर सर्वाधिक. अर्जेंटिनात कोर्दोबाच्या डोंगरांपाशी जगातली अतिउंच वादळं उठतात. २०१८-१९ मध्ये अनेक देशांचे शास्त्रज्ञ ती बघायला तिथे जाऊन राहिले. त्या मोहिमेचं नाव ‘रेलाम्पागो’, स्पॅनिशमध्ये वीज. तिथे आणखी एक गोष्ट असते: उंच पर्वतांवरून आलेली कोरडी हवा खालच्या दमट हवेवर झाकणासारखी बसते. कुकरची शिट्टी अडकावी तशी खाली वाफ कोंडत जाते, आणि डोंगराच्या कडेला झाकण उचललं गेलं की सगळं एकदम बाहेर पडतं. आपला सह्याद्री त्या मानाने बुटका. कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच. पण वादळासाठी उंचीइतकंच महत्त्व आहे ते डोंगर कुठे आणि कुणासमोर उभा आहे याला, आणि सह्याद्री अरबी समुद्रासमोर उभा आहे.

सगळंच डोंगराच्या खात्यावर टाकता येत नाही, हेही सांगायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही ठिकाणं एकाच शहरातली, सह्याद्री दोघांच्याही पूर्वेला. त्या दिवशी मी वाशीहून नेरूळपर्यंत रुळांवरून चालत आलो होतो, पाणी गुडघ्याच्या वर. तेव्हा आकडे कळले नव्हते. नंतर कळले, आणि आपल्याला पाऊस समजला असं वाटू लागलेल्या मला ते पुन्हा शाळेत घेऊन गेले.

नेरूळच्या नळाला येणारं पाणी मोरबे धरणाचं. खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर, माथेरान-इर्शाळच्या उतारांच्या पायथ्याशी. धरण ८८ मीटरला भरलं की पेपरात बातमी येते आणि आम्ही निश्चिंत होतो. म्हणजे मी सकाळी जे पाणी पितो ते बहुधा इर्शाळगडाच्या अंगावरून उतरलेलं असतं. त्याच इर्शाळच्या कुशीत ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, आवाज नसलेल्या त्याच जुलैच्या पावसात, डोंगराची कड सुटली आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, चौथ्या दिवशी शोध थांबवला. वादळाची भीती वाटते कारण ते सांगून येतं. झड सांगत नाही. ती दिवसच्या दिवस मातीत पाणी भरत राहते. त्या आठवड्यात ग्लास तोंडाला लावताना हात थांबायचा. आमच्या बाजूला पारसिकचा डोंगर वर्षानुवर्षं खडीसाठी पोखरला गेला आहे, अर्धा कापलेला कडा हायवेवरून दिसतो. त्या कड्याखालची घरं पावसाळ्यात मी जाता-येता मोजतो. दरवर्षी ती वाढलेली असतात.

आईला आता सत्तरी उलटून गेली आहे. जुलैच्या पावसाशी तिने जुळवून घेतलंय. झड लागली की ती कुळथाचं पिठलं करते. पण नक्षत्रं ती अजून गावाचीच मोजते. उत्तरा गेल्या, हत्ती लागला, चित्रा लागल्या. आमच्याकडची शाळू ज्वारी त्या शेवटच्या पावसांवर येते, आणि ते पाऊस सगळे गडगडणारे. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हे ती अजून म्हणते. गावात आमची तीन एकर आहे, चुलतभाऊ कसतो.

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा एकदा प्रबळच्या मागून ढग आला. या खेपेला फोनवर आधीच इशारा होता, मेघगर्जनेसह पाऊस. मी रडारचं चित्र उघडलं. घाटमाथ्यावर लाल-पिवळ्या ठिपक्यांची माळ, आमच्याकडे सरकणारी. चित्र खाली ओढत नेलं तर खूप दक्षिणेला, साताऱ्याच्या पूर्वेला, एक वेगळा ठिपका होता. आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला, लांब धरला.

“हे कुठं?”

“माणच्या वरच दिसतंय.”

“लाव त्याला फोन.”

चुलतभाऊ रानातच होता. पेरणी होऊन आठवडा झालेला. म्हणाला, अजून थेंब नाही, काकू, पण वाजतंय लई. थांबा, ऐका. त्याने फोन वर धरला असावा. आधी नुसता वारा घुसमटल्याचा आवाज आला, मग त्यातून, दूर, दबलेला गडगडाट. त्याच वेळी इकडे पारसिकवर वीज पडली आणि गॅलरीची काच थरथरली. आईने एक कान हाताने झाकला आणि दुसऱ्या कानाला फोन दाबून धरला.

भाऊ शेडकडे पळाला होता. त्याच्या धावण्याचा, मग दम लागल्याचा आवाज येत होता. शेडवर पत्रे आहेत. त्या पत्र्यावर पहिला थेंब पडतोय का, ते ऐकत आई फोन तसाच धरून उभी राहिली, आणि मी तिच्या बाजूला.